जुना गेमिंग कन्सोल घ्यावा की नाही, हे कसं ठरवावं

आधी कन्सोल नाही, गेम ठरवा. जे पाच-सहा गेम खरोखर खेळायचे आहेत त्यांची यादी करा आणि ते आज आणखी कशावर चालतात ते बघा. पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) च्या जवळपास सगळ्या डिस्क, डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५ वर चालतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चे बरेच गेम त्यांच्याच नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर चालतात. पीएस३ च्या डिस्क मात्र पीएस४ किंवा पीएस५ वर चालत नाहीत, त्यामुळे पीएस३ घ्यायला अजून कारण आहे. यादीतलं बहुतेक सगळं घरातल्या पीसीवर मिळत असेल तर विषय इथेच संपवा.

मॉडेलबद्दल फार घोळ घालू नका. पीएस४ घ्यायचा तर स्लिम, म्हणजे मागच्या लेबलवर सीयूएच-२ ने सुरू होणारा नंबर. पीएस३ घ्यायचा तर २००९ नंतरचा स्लिम. सुरुवातीचा जाडा पीएस३ फुकट मिळाला तरी नको. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यामुळे तो फक्त डिस्कवर खेळणाऱ्यांसाठी, आणि तोही २०१० नंतरचा. पीएस२ चं उत्पादन थांबून दशक उलटलं. त्याची डिस्क वाचणारी लेन्स थकलेलीच असणार, असं धरूनच भाव करा. परदेशातून आणलेला ३६० किंवा पीएस२ असेल तर ॲडॉप्टरचं लेबल वाचा. फक्त ११० व्होल्टचा ॲडॉप्टर आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की जळतो.

‘जेलब्रेक केलाय (म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलंय), पन्नास गेम भरून देतो’ म्हणत जास्त पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका. असा कन्सोल सोनीच्या नेटवर्कवर सुखाने चालत नाही, अपडेट केला की जेलब्रेक जातो, आणि ते गेम चोरीचे असतात.

भेट कुठे ठरवायची? ‘दादर स्टेशनला ब्रिजवर देतो’ हे मुंबईत सर्रास चालतं. मोबाइलच्या कव्हरसाठी ते ठीक आहे. कन्सोलला प्लग लागतो, टीव्ही लागतो आणि एक तास लागतो. विकणाऱ्याच्या घरी जा, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या दुकानात, जिथे काउंटरवर लावून दाखवतात. तासभर चालवू द्यायला नकार मिळाला तर उत्तर मिळालं असं समजा.

आता तो तास. सगळा निर्णय इथे होतो, आणि नेमका इथेच बहुतेक लोक मेन्यू दिसला की खूश होऊन पैसे देतात. मेन्यू दिसणं म्हणजे काहीच नाही. जुन्या कन्सोलचे महागडे दोष थंड असताना लपतात. मुख्य चिप बोर्डाला बारीक सोल्डरच्या ठिपक्यांनी जोडलेली असते. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन चिपच्या आतल्या किंवा खालच्या जोडांना तडे जातात. मेलेल्या बोर्डावर हीट गन मारली की ते जोड तात्पुरते धरतात, याला रिफ्लो म्हणतात. तसा कन्सोल काही दिवस किंवा आठवडे छान चालतो, आणि तेवढ्यातच तो विकला जातो. म्हणून त्याला तुमच्यासमोर तापवायचं.

जाताना स्वतःची एचडीएमआय केबल आणि मोठ्या गेमची स्वच्छ डिस्क न्या. पोचल्याबरोबर कन्सोलच्या पाठीला हात लावा. तो गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलाय आणि थंड अवस्थेतली सुरुवात तुम्हाला दिसणार नाही. वीसेक मिनिटं थांबायला सांगा. खोलीतला एसी बंद करायला लावा. तुमच्या घरी मे महिन्यात तो एसीत चालणार नाही.

पीएस४ वर तोच गेम आधीपासून असेल तर तो पुसून तुमच्या डिस्कवरून नव्याने कॉपी होऊ द्या. चाळीस-पन्नास जीबी डिस्कवरून हार्डडिस्कवर जाताना लेन्स आणि हार्डडिस्क दोन्हींची परीक्षा होते. कॉपी अडली किंवा पडद्यावर सीई-३४३३५-८ हा एरर कोड आला तर हार्डडिस्कवर संशय घ्या. हार्डडिस्क बदलणं सोपं आहे, साधी अडीच इंची साटा लागते. पण कॉपी दर वेळी त्याच आकड्यावर अडत असेल आणि आधी भरलेले इतर गेम नीट चालत असतील, तर लेन्स गेली. ‘ड्राइव्ह बदलून देतो’ या आश्वासनावर जाऊ नका: सुरुवातीच्या जाड्या पीएस४ मध्ये ड्राइव्हचा बोर्ड मेन बोर्डाशी जोडीने बांधलेला असतो, दुसऱ्या कन्सोलचा आख्खा ड्राइव्ह बसवला तर गेम वाचले जात नाहीत. त्यात लेन्सच बदलावी लागते.

मग अर्धा तास खेळा. पॉज करून गप्पा मारू नका, गर्दीचा, भरपूर हालचालीचा भाग खेळा. पंखा केकाटला तर आतली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट. हे दुरुस्त होतं, भाव पाडा. चित्र मधूनच काळं झालं तर एचडीएमआयची पिन हलकेच हलवून बघा. हलवल्यावर जात-येत असेल तर पोर्ट, त्याचं सोल्डरिंग नीट जमणारा माणूस हवा. न हलवता जात असेल, किंवा पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा येत असतील, तर चिप. उठा आणि निघा. त्या यंत्राचा कुठलाच भाव योग्य नाही.

त्या तासातली शेवटची, सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट: तापलेला कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोड नाही, आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालू करा. रिफ्लो केलेलं यंत्र बऱ्याचदा इथेच पकडलं जातं. पीएस३ वर पिवळा दिवा चमकून तीन बीप, ३६० वर लाल दिवे, पीएस४ वर निळा दिवा धडधडत राहून चित्रच नाही, यातलं काहीही दिसलं तर संपलं.

टॉर्च घेऊन मागच्या जाळीतून आत बघा. मुंबईतल्या कन्सोलना झुरळं आवडतात. पॉवर सप्लायची ऊब त्यांना पुरते, आणि त्यांची घाण बोर्डावर शॉर्ट करते. काळ्या बारीक ठिपक्यांसारखी विष्ठा दिसली तर घेऊ नका, नाहीतर पिलावळ तुमच्या घरी येईल. पोर्टच्या धातूवर गंज किंवा हिरवट थर असेल तर यंत्राने समुद्राची हवा आणि पावसाळे उघड्यावर काढलेत.

कंट्रोलरच्या दोन्ही स्टिक सोडून बघा, पात्र आपोआप चालत असेल तर ड्रिफ्ट आहे.

पटलं तर विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून ‘प्रायमरी पीएस४’ (या कन्सोलशी त्याच्या खात्याची जोडणी) बंद करायला लावा, सेटिंग्जमधून इनिशियलाइज करा, म्हणजे सगळं पुसून टाका, तिथला क्विक पर्याय पुरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्वतःच्या खात्याने साइन इन करा. सोनीने बंदी घातलेला कन्सोल इथे अडतो. दुकान असेल तर चेकिंग वॉरंटीचे (घरी तपासून बघायच्या मुदतीचे) दिवस आणि कन्सोलचा सिरीयल नंबर दोन्ही बिलावर लिहून घ्या, आणि मगच पैसे द्या.