वासराचा पाय वाकडा दिसतोय? या चुका टाळा

रात्री गाय व्याली की सकाळी आमच्या माढ्याकडच्या गायवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतोच. ओलं वासरू, पुढचे दोन्ही पाय खुराच्या वरच्या सांध्यात आत मुडपलेले, आणि खाली "काय करू?" मग सल्ले सुरू. एकजण म्हणतो तेलानं मालिश करा, दुसरा म्हणतो पाईप बांधा, तिसरा म्हणतो गोऱ्हा असेल तर नादच सोडा. पण ते जन्मताच वाकडं आहे का आधी चांगलं उड्या मारत होतं आणि नंतर लंगडायला लागलं, हे कुणीच विचारत नाही आणि सगळा घोळ तिथंच होतो. पहिल्यात बऱ्याचदा दम धरायचा असतो, दुसऱ्यात त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा असतो, आणि आपण नेमकं उलटं करतो.

मी स्वतः केलंय म्हणून सांगतोय. दोन वर्षांखाली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीला कालवड झाली, आठ दिवस गोठ्यात नुसता धिंगाणा, नवव्या दिवशी सकाळी मागचा उजवा पाय टेकवेना. आजी म्हणाली, "गायीनं पाय दिला असंल, हळद-चुना लाव." लावला. दोन दिवस लेपच लावत बसलो. तिसऱ्या दिवशी पुढचा गुडघा पण फुगला, मोसंबीएवढा, हात लावला तर गरम लागत होता, आणि दूध प्यायला उठेना. डॉक्टर आले तर त्यांनी पायाकडं आधी बघितलंच नाही, सरळ पोटाखाली हात घातला. बेंबी माझ्या अंगठ्याएवढी जाड झालेली, दाबली की पू. म्हणाले, "पायाचं दुखणं नाही हे, बेंबीचं आहे." ओल्या नाळेतून जंतू आत जातात, रक्तातून फिरतात आणि सांध्यात जाऊन बसतात, म्हणून आज एक पाय आणि परवा दुसराच. बारा दिवस इंजेक्शनं चालली. कालवड जगली, पण तो गुडघा जाडच राहिला.

तर पहिल्या एक ते तीन आठवड्यांत चांगलं चालणारं वासरू लंगडलं, सांधा गरम आणि सुजलेला असला, तर लेप नको, शेक नको, आणि सुई घालून पाणी काढायचा उद्योग तर अजिबात नको. आधी बेंबी दाबून बघा आणि गुदद्वारात थर्मामीटर लावा. वासराचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०३ च्या वर गेलं की ताप आहे समजायचं. आता आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी दोनला मोजलं तर धडधाकट वासराचंही जास्त येतं, त्यामुळं सकाळी मोजा. आणि डॉक्टरांनी कोर्स दिला तर दोन दिवसांनी वासरू जरा चालायला लागलं म्हणून बंद करू नका. सांध्यात औषध पोचायला वेळ लागतो, अर्धवट सोडलं की दुखणं परत उलटतं आणि मग आवरत नाही.

हे टाळायचं सगळं पहिल्या दिवसातच असतं. नाळेला राख, शेण, हळद असलं काही लावायचं नाही. टिंचर आयोडीन छोट्या कपात घ्या, नाळ पूर्ण त्यात बुडवा, वरवर बोळा फिरवून भागत नाही. दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. आणि तो कप उरलेल्या औषधासकट तसाच कोनाड्यात ठेवून दुसऱ्या वेळेला वापरू नका, शेण-माती पडलेलं औषध कामाचं राहत नाही.

दुसरी गोष्ट चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. "वार (जार) पडल्याशिवाय पाजायचा नाही" हे अजून कितीतरी घरांत चालतं. वार पडायला कधी आठ तास लागतात कधी बारा, आणि तिकडं वासराच्या आतड्याची चिकातली ताकद ओढून घ्यायची क्षमता तासातासाला कमी होत जाते, २४ तासांनी जवळपास संपतेच. पहिल्या दोन तासांत पोटात गेला पाहिजे. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात किमान तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून, आणि त्यातला निम्मा तरी सुरुवातीलाच. खरवस नंतरच्या चिकाचा करा ना, काय बिघडतंय. पडून असलेल्या वासराच्या तोंडात मात्र बाटलीनं जबरदस्ती ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर नवीनच दुखणं मागं लागतं.

आता जन्मतः वाकड्या पायाचं. पोटात जागा कमी, वासरू मोठं, त्यामुळं पायाच्या मागच्या बाजूच्या नसा, म्हणजे कंडरा, आखडून राहतात. बघायचं एकच, वासराला उभं धरा, गुडघा एका हातात धरून दुसऱ्या हातानं खूर सरळ करा. तळवा जमिनीला टेकतोय? मग घाबरू नका. मुरमाच्या, न घसरणाऱ्या जागेत मोकळं सोडा, त्याच्या वजनानंच नसा ताणल्या जातात, आठवडा-पंधरा दिवसांत बहुतेक सरळ होतात. खुराच्या पुढच्या बाजूवर, म्हणजे उलट्या सांध्यावरच चालत असेल तर मात्र कातडी सोलून सांध्यात जखम होते, तिथं आधार बांधावाच लागतो. आणि हातानं अजिबात सरळ होत नसेल, पाय लाकडासारखा ताठ असेल, पाठ-मान पण वाकडी असेल, तर तुम्ही ओढाताण करू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाईप बांधण्यात सगळ्यात जास्त वाटोळं होतं. मळ्यात पीव्हीसीचा तुकडा असतोच, उभा चिरला, सुतळीनं करकचून आवळला आणि आठ दिवस विसरलो. नंतर सोडला तर खाली मांस दिसतंय. आधी कडा घासून गुळगुळीत करा, कापूस भरपूर आणि पाईपच्या दोन्ही टोकांच्या बाहेर येईल इतका, वर रुंद पट्टी, सुतळी नाही. रोज सोडून बघा. खूर गार लागला किंवा वर सूज आली तर आवळ जास्त झालाय. शक्यतो पहिल्यांदा डॉक्टरांकडून बांधून घ्या आणि बघून शिका.

ह्याच्या उलट काही वासरांचे पाय सैल असतात, सांधा खाली टेकतो आणि खुराची टोकं वर. अशाला पाईप बांधला तर नसा अजून ढिल्या पडतात. मऊ अंथरूण, थोडं थोडं चालणं, बास. आणि जन्मताच खुरांना पिवळसर मऊ झालर दिसते ती कापायला जाऊ नका, ती सगळ्याच वासरांना असते, चालताना आपोआप झडते.

ओढून काढलेल्या वासराचा पाय तर बघायलाच पाहिजे. पातळ दोरी, एकाच जागी गाठ, मागं चार माणसं, आणि कुणीतरी म्हणतो ट्रॅक्टर आणा. नडगीचं हाड तिथंच मोडतं. दोरी जाड, सांध्याच्या वर एक फास आणि खाली दुसरा वेढा, म्हणजे जोर दोन जागी वाटला जातो, आणि ओढायचं ते गाय कळ देईल तेव्हाच, एक पाय एक पाय करून. कमरेत अडकलेलं ओढलं असेल तर मागचा पाय उभं राहताना गुडघ्यातून खचतो का बघा, मांडीची नस (मज्जातंतू) दुखावलेली असते. लोंबणाऱ्या पायाला मालिश कधीच नाही.

गोठ्यातली शहाबादी फरशी धुऊन गुळगुळीत झालेली असते, नवीन वासरू तिच्यावर मागचे पाय फाकून बसतं. त्या कोपऱ्यात मुरूम टाका नाहीतर पाचट अंथरा, पण ओलं झालं की बदला, नाहीतर परत बेंबीचंच लफडं.

आणि डॉक्टरांना किंवा १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावायच्या आधी चार गोष्टी बघून ठेवा: कुठला पाय, कधीपासून, ताप किती, बेंबी कशी. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर फोटो नको, दहा-पंधरा पावलं चालवून बाजूनं व्हिडिओ काढा, बसलेल्या वासराच्या फोटोत कुणालाच काही कळत नाही.