नावांच्या अर्थांतून हिब्रू शास्त्रातील कथा कशा वाचाव्यात

हिब्रू शास्त्रातील, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातील (ख्रिस्ती बायबलमधल्या जुन्या करारातील), व्यक्तींची आणि स्थळांची नावे बहुधा अर्थपूर्ण असतात, आणि तो अर्थ ऐकणाऱ्याच्या कानावर पडावा अशीच कथनकाराची अपेक्षा असते. मराठी भाषांतरात ‘बेथलेहेम’ हे केवळ एका गावाचे नाव राहते. हिब्रू जाणणाऱ्याला त्यात ‘भाकरीचे घर’ ऐकू येते, आणि म्हणून देशात दुष्काळ पडल्यामुळे बेथलेहेमातला एक माणूस बायकोमुलांसह मवाब देशात राहायला गेला, हे रूथच्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य त्याला अधिक बोचते. अशा वाचनाची सवय मराठी वाचकालाही लावून घेता येते. मात्र एक शिस्त पाळावी लागते: शब्दकोशातला अर्थ आधी ठरवून तो कथेवर लादायचा नाही, तर कथा त्या अर्थाचे काय करते हे पाहायचे.

सुरुवात ज्या नावांचा अर्थ कथाच सांगते, त्यांच्यापासून करावी. उत्पत्तीच्या पुस्तकात अशी नावे विपुल आहेत. याकोब जन्मताना जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरून बाहेर आला (उत्पत्ती २५:२६) आणि ‘टाच’ या अर्थाचा ‘आकेव’ हा शब्द त्याच्या नावात, म्हणजे ‘याआकोव’मध्ये, ऐकू येतो. दोन अध्यायांनंतर फसवला गेलेला एसाव त्याच नावातून वेगळाच अर्थ काढतो: याचे नाव याकोब ठेवले ते योग्यच, कारण याने मला दोनदा ठकवले (२७:३६). पुढे याब्बोक नदीकाठी एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झोंबी घेतल्यावर याकोबाला नाव विचारले जाते, तो ‘याकोब’ असे उत्तर देतो आणि मग त्याला ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळते. एसावाचा आरोप ध्यानात ठेवून हा प्रसंग वाचला, तर नाव सांगणे ही जवळजवळ कबुलीच वाटते. येथे प्रतीकार्थ बाहेरून आणावा लागलेला नाही. एकच नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वापरलेले आहे, आणि वाचकाने ती ठिकाणे शेजारी शेजारी ठेवली एवढेच.

म्हणून एखाद्या नावाचा अर्थ कळला की लगेच त्याच धातूचे इतर शब्द त्या कथेत शोधावेत. अब्राहाम आणि सारा यांच्या मुलाचे, इसहाकाचे, नाव ‘हसणे’ या धातूपासून आले आहे. अब्राहाम हसतो (१७:१७), सारा हसते (१८:१२), मूल झाल्यावर देवाने मला हसवले असे ती म्हणते (२१:६), आणि लगेच पुढे दासी हागारेचा मुलगा जे करताना सारेला दिसतो त्यासाठीही त्याच धातूचे रूप येते (२१:९). अविश्वासाचे हसू, आनंदाचे हसू आणि मत्सर जागवणारे हसू एकाच नावाभोवती गुंफलेले आहे. ‘इसहाक म्हणजे हास्य, म्हणजे आनंद’ एवढ्यावर थांबणारा वाचक या कथेचा मोठा भाग गमावतो.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. कथेत दिलेले स्पष्टीकरण आणि शब्दाची ऐतिहासिक व्युत्पत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाबेल या नावाचा संबंध उत्पत्तीत ‘बालाल’, म्हणजे घोटाळा करणे, या क्रियापदाशी जोडला आहे (११:९), तर अक्कादी या प्राचीन बाबिलोनच्या भाषेत ते नाव ‘देवाचे द्वार’ या अर्थाने समजले जाई. मोशेला फारोची कन्या ते नाव देते ते त्याला पाण्यातून ‘काढले’ म्हणून (निर्गम २:१०). अभ्यासकांच्या मते मात्र हे नाव ‘जन्मलेला, पुत्र’ या अर्थाच्या मिसरी (प्राचीन इजिप्तच्या) शब्दावरून आलेले असावे, जो थुतमोससारख्या राजनामांतही दिसतो. वैदिक शब्दांचे अर्थ उकलणाऱ्या यास्काच्या निरुक्ताची ओळख असलेल्या वाचकाला अशी निर्वचने, म्हणजे शब्द फोडून सांगितलेले अर्थ, परकी वाटणार नाहीत. प्रतीकार्थ शोधताना कथेने दिलेल्या निर्वचनालाच प्राधान्य द्यावे. व्याकरणाच्या दृष्टीने ‘मोशे’ हे रूप ‘काढलेला’ असे नसून ‘काढणारा’ असे आहे, आणि ज्याला पाण्यातून काढले तोच पुढे लोकांना समुद्रातून बाहेर काढतो, हे निर्वचनाकडे लक्ष दिल्यामुळेच दिसते.

साधनांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर मराठी पवित्र शास्त्राची तळटीपा असलेली प्रत, हिब्रू शब्दांची अनुक्रमणिका आणि ओळीखाली शब्दशः अर्थ देणारी हिब्रू प्रत एवढ्यावर बरेच काम होते. हिब्रू धातू बहुधा तीन व्यंजनांचे असतात, त्यामुळे स्वरांपेक्षा व्यंजने पाहावीत. देवनागरीत हिब्रूतील निरनिराळी अक्षरे एकसारखी दिसू लागतात, म्हणून केवळ मराठी रूपांच्या साम्यावरून दोन नावांचे नाते जोडू नये. नावांचे नेहमीचे घटकही पाठ करून ठेवावेत: ‘एल’ म्हणजे देव, ‘या’ किंवा ‘याहू’ हे परमेश्वराच्या नावाचे संक्षिप्त रूप, ‘अबी’ म्हणजे माझा पिता, ‘बेन’ म्हणजे पुत्र, ‘बेथ’ म्हणजे घर.

आता रूथचे पुस्तक घ्यावे. ते अवघ्या चार अध्यायांचे आहे आणि सरावासाठी याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही. कथा शास्त्यांच्या, म्हणजे राजांपूर्वीच्या पुढाऱ्यांच्या, काळात घडते, ज्या काळाबद्दल शास्त्यांच्या पुस्तकाचा शेवट सांगतो की तेव्हा इस्राएलात राजा नव्हता. अशा काळातल्या माणसाचे नाव आहे एलीमलेख, ‘माझा देव राजा आहे’. त्याच्या मुलांची नावे महलोन आणि खिल्योन. पहिल्यात आजारपणाचा आणि दुसऱ्यात संपून जाण्याचा ध्वनी आहे. पाचव्या वचनापर्यंत तिघेही मेलेले असतात. कोणी आईबाप मुलांना अशी नावे ठेवतील का, असा प्रश्न पडतो, आणि म्हणूनच ही नावे कथेच्या गरजेतून आली असावीत असे मानायला जागा आहे.

एलीमलेखाची विधवा नामी आपली मवाबी सून रूथ हिच्यासह बेथलेहेमास परतते. नामी या नावाचा अर्थ ‘मनोहर, गोड’. गावातल्या बायका ‘ही नामीच का?’ असे विचारतात, तेव्हा ती म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा, म्हणजे ‘कडू’, म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिला आहे. मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले (१:२०–२१). येथे बहुतेक वाचक ‘नामीची मारा झाली’ असे टिपून पुढे जातात. पण पुढच्याच वचनात निवेदक तिला पुन्हा नामी म्हणतो आणि पुस्तकाच्या अखेरपर्यंत ‘मारा’ हे नाव एकदाही वापरत नाही. तिच्या दुःखाला निवेदक खोटे ठरवत नाही. ते तिच्याच तोंडून पूर्ण ऐकवतो, तरी ते तिचे नाव होऊ देत नाही. ‘रिकामी’ या अर्थाचा जो हिब्रू शब्द तिने वापरला, तोच तिसऱ्या अध्यायात एलीमलेखाचा नातलग बवाज वापरतो, जेव्हा तो रूथच्या पदरात जव ओततो आणि सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस असे सांगतो (३:१७). नामीच्या तक्रारीला या पुस्तकात मिळालेले पहिले उत्तर ते हेच, असे मला वाटते.

चौथ्या अध्यायात न दिलेले नावही वाचायला शिकावे. वेशीवर जो जवळचा नातलग वतन सोडवून घ्यायला प्रथम हक्कदार आहे, त्याला बवाज हाक मारतो तेव्हा मूळात ‘पलोनी अल्मोनी’, म्हणजे ‘अमुकतमुक’, असे शब्द आहेत. हा मनुष्य आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून मृताचे नाव राखण्यास, म्हणजे रूथशी लग्न करून मृताच्या नावाने वंश चालवण्यास, नकार देतो. ज्याने दुसऱ्याचे नाव राखले नाही, त्याचे नाव कथेनेही राखलेले नाही. उलट रूथ आणि बवाज यांना झालेल्या बाळाचे नाव शेजारणी ठेवतात: ओबेद, ‘सेवा करणारा’. तो दाविदाचा आजोबा, आणि अशा रीतीने राजा नसलेल्या काळात एलीमलेखापासून निघालेली कथा राजाच्या नावाशी पोचते.

स्वतः रूथचे नाव मात्र अडचणीचे आहे. ‘सखी’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी ते जोडले जाते, पण पुस्तक तसे काही सांगत नाही. ते तिला पुनःपुन्हा ‘मवाबी’ म्हणते, आणि तिच्या बाबतीत वाचकाने लक्ष द्यायचे ते त्या विशेषणाकडे. तिच्या जावेच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. अर्पा या नावाचा संबंध ‘मानेची मागची बाजू’ या शब्दाशी लावून, तिने पाठ फिरवली म्हणून हे नाव, असे नंतरच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, सांगितले आणि तिच्याविषयी कठोर कथाही रचल्या. मूळ कथेत ती रडते, सासूचे चुंबन घेते आणि सासूच्याच सांगण्यावरून परत जाते. नामीने दोन्ही सुनांना आशीर्वाद दिलेला आहे (१:८). नावाच्या अर्थाने कथेतल्या माणसावर अन्याय होत असेल, तर तो अर्थ बाजूला ठेवावा.

परंपरेतील अर्थ वाचावेत, पण ते कोणाचे आहेत याची नोंद ठेवून. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा फिलो ‘इस्राएल’चा अर्थ ‘देवाला पाहणारा’ असा घेतो आणि त्यावर आत्म्याच्या प्रवासाचे रूपक उभारतो. उत्पत्ती ३२:२८ मात्र ते नाव देवाशी झगडण्याशी जोडते. फिलोचा अर्थ त्याच्या तत्त्वज्ञानाचा भाग म्हणून मोलाचा आहे. याब्बोकच्या रात्रीचा अर्थ लावताना तो दुय्यम समजावा.

या नावांचा महाराष्ट्राशीही जुना संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने ती मराठी वळणाने वापरली: सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल यहेज्केल, यांनी मुंबईत १७९६ साली प्रार्थनालय उभारले आणि त्याला ‘शआर हा-रहामीम’, ‘दयेचे द्वार’, हे नाव मिळाले. याच समाजात मलिद्याच्या विधीत ज्या एलीया संदेष्ट्याचे स्मरण होते, त्याच्या नावाचा अर्थ ‘परमेश्वर माझा देव आहे’ असा आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरल्यावर लोक पालथे पडून ‘परमेश्वर हाच देव’ असे ओरडतात (१ राजे १८:३९), तेव्हा संदेष्ट्याचे नावच जमावाच्या तोंडून बाहेर पडते.

पुढील सरावासाठी उत्पत्ती २९ आणि ३० हे अध्याय घ्यावेत. तेथे याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल मुलांची नावे ठेवताना प्रत्येक वेळी कारण सांगतात, त्यामुळे वहीत एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला आईचे वाक्य अशी मांडणी सहज करता येते. राहेलीच्या योसेफापाशी थांबावे, कारण त्याला दोन कारणे दिली आहेत: देवाने माझा कलंक ‘काढून टाकला’, आणि परमेश्वर मला ‘आणखी’ एक मुलगा देवो. त्यानंतर ३५:१६–१८ उघडावे. ती मागणी तेथे पूर्ण होते. प्राण जाताना राहेल मुलाला ‘बेनओनी’ म्हणते आणि बाप त्याचे नाव बदलून ‘बन्यामीन’, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, ठेवतो. ‘ओनी’चा अर्थ ‘माझे दुःख’ असाही होतो आणि ‘माझे बळ’ असाही. याकोबाने ते नाव पुसले की त्याचा दुसरा अर्थ ऐकून ते नव्या शब्दांत सांगितले, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि योसेफाची पुढील कथा वाचताना बन्यामीन जेथे जेथे येतो, तेथे तेथे तो पुन्हा पाहावा.