पूर ओसरल्यावर घर सावरायला मदत कशी करावी

पाणी उतरलं की मदतीला आलेली मंडळी उत्साहात दिसेल ते उचलून रस्त्यावर टाकायला लागतात. हेतू चांगला असतो, पण घर दुसऱ्याचं आहे. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्या कुटुंबानं ठरवायचं.

आत जाण्याआधी

भिंतींना नव्या भेगा असतील किंवा छत खाली आलं असेल, तर जाणकारानं पाहिल्याशिवाय आत जाऊ नका. मेन स्विच बंद आहे ना, याची खात्री करा. पण त्यासाठी पाण्यात उभं राहावं लागत असेल तर स्विचला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता बाहेर पडा.

पायात गमबूट आणि हातात जाड रबरी हातमोजे हवेतच. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. ज्यांच्या अंगावर उघडी जखम आहे, त्यांना बाहेरची कामं द्या. नंतर कुणालाही ताप आला तर 'पुराच्या पाण्यात काम केलंय' हे डॉक्टरांना आठवणीनं सांगावं.

झाडू हातात घेण्याआधी फोटो

भरपाईचा दावा इथेच टिकतो किंवा फसतो. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून एक फोटो घ्या. फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या पट्टीवरचा नंबरही टिपा. पंचनामा किंवा विम्याची पाहणी व्हायची असेल, तर मोठ्या वस्तू शक्यतो तोवर हलवू नका.

गाळ

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की कुदळच लागते. सगळ्यात आतल्या खोलीपासून दाराकडे या. दोघांनी फावड्यानं भरायचं, बाकीच्यांनी रांग लावून घमेली पुढे सरकवायची. ढीग गटाराच्या तोंडावर घालू नका, नाहीतर पुढच्या पावसाचं पाणी पुन्हा घरात येईल. तळघरातलं पाणी मात्र एका दमात उपसायचं नाही. बाहेरची माती पाण्यानं जड झालेली असते आणि तिच्या दाबानं भिंत आत ढासळू शकते. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढणं बरं.

सामानाची निवड

घरातल्या एका माणसाला दाराशी खुर्ची टाकून बसवा. वस्तू त्यांच्यासमोरून जाऊ द्या: ठेवायची, टाकायची, नंतर बघू. हा तिसरा ढीग मोठा होतो, होऊ द्या. गाद्या, उशा, पुराचं पाणी लागलेलं अन्न आणि औषधं यांचा मोह मात्र नको.

कागदांना वेळ द्या. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ, गार पाण्यात ठेवले की बरेचदा आपोआप सुटतात. मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. कागदपत्रांचा गठ्ठा लगेच वाळवणं जमत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चालू फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर सवडीनं वाळवता येतं.

धुणं आणि वाळवणं

बुरशी 24 ते 48 तासांत धरू लागते. आधी साबणाच्या पाण्यानं घासा, मगच जंतुनाशक वापरा. चिखलावर ओतलेलं ब्लीच वाया जातं. फरशीसारख्या कडक पृष्ठभागासाठी 20 लिटर पाण्यात साधारण एक कप घरगुती ब्लीच पुरतं. ते टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जनरेटर घरात किंवा व्हरांड्यातही नको. घरापासून निदान 6 मीटर लांब ठेवा. भिंती आतून वाळायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा रंग द्यायची घाई करू नका.

पंधरा दिवसांनंतर

पहिल्या आठवड्यात गर्दी असते, मग कुणी फिरकत नाही. खरी अडचण तेव्हा सुरू होते: अर्जात त्रुटी निघतात, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक घरामागे एक स्वयंसेवक नेमा. तोच फोन करेल, तोच अर्जाचा पाठपुरावा करेल. सारखी माणसं बदलली की घरच्यांना तीच कहाणी दर वेळी नव्यानं सांगावी लागते. आणि जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवण्याआधी या स्वयंसेवकाला विचारा. बहुतेकदा हवा असतो सुतार.