गिझरचा लोड कंट्रोल रिले तपासायच्या आधीची तयारी

पाणी गार आलं म्हणून लगेच कव्हर उघडायला जाऊ नका, आधी रिले (गिझरची वीज आपोआप तोडणारा-जोडणारा स्विच) खरंच बिघडलाय की त्याचं कामच करतोय ते बघा, कारण विजेची मागणी वाढली की गिझर बंद ठेवणं यासाठीच तो बसवलेला असतो. वीज कंपनीकडून तारेतून नाहीतर रेडिओने सिग्नल येतो, रिलेतला कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी धातूची टोकं) उघडतो, म्हणजे वीज तुटते, आणि गर्दीची वेळ सरली की परत जुळतो. त्यामुळे पहिली तयारी कागदावरची, कनेक्शनच्या बंद-चालू वेळा बिलात किंवा करारात असतील तर काढून ठेवा आणि थोडे दिवस नोंद करा की पाणी कधी गार, कधी गरम, रिलेवरचा दिवा कुठल्या रंगाचा, चालू व्हायच्या वेळेला "टक्" असा आवाज येतो का. ठरलेल्या वेळेतच गार येत असेल तर रिले बहुतेक ठीक आहे. दिवसरात्र गारच असेल तर कॉन्टॅक्ट उघडा अडकलाय किंवा दोष थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा), एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) यांच्यात कुठेतरी आहे. उलटा दोषही असतो, कॉन्टॅक्ट वितळून चिकटतो आणि गिझर बंद वेळेतही तापत राहतो, हा पटकन कळत नाही कारण पाणी गरम मिळतंय ना मग तक्रार कोण करणार!

मग रिले कोणाच्या मालकीचा ते बघा. सील असेल तर तोडायचं नाही, फोटो काढा, नंबर लिहून घ्या आणि कंपनीला कळवा.

आता सगळ्यात जास्त काळजी घ्यायची गोष्ट. गिझरचा एमसीबी पाडला म्हणजे रिलेच्या डब्यातली वीज पूर्ण गेली असं धरून चालू नका, कारण रिलेच्या कॉइलचा (कॉन्टॅक्ट हलवणाऱ्या चुंबकाचा) सप्लाय बऱ्याचदा वेगळ्या सर्किटवरून येतो आणि तो चालूच राहतो. दोन्ही बंद करा, कोणी चुकून चालू करू नये म्हणून चिठ्ठी लावा, मल्टीमीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग रिलेच्या प्रत्येक टर्मिनलवर (वायर जोडायच्या स्क्रूवर), मग परत सॉकेटवर. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका.

सामान फार लागत नाही, कॅट ३ रेटिंगचा (घराच्या वायरिंगवर मोजायला सुरक्षित) मल्टीमीटर, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, वायरींवर खुणा करायला टेप, आणि काही सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) मिळाला तर उत्तम, फक्त तो एकाच वायरभोवती लावायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले की शून्य दाखवतो आणि माणूस उगाच एलिमेंटला दोष देतो. आकडे आधीच काढून ठेवा, २३० व्होल्टला २००० वॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो आणि एलिमेंटचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास येतो, ३००० वॅटला १३ अँपिअर आणि १८ ओहम. ओहम मोजताना सप्लाय बंद आणि एलिमेंटची एक वायर सुटी हवी.

टाकी भरलेली ठेवा पण गरम पाणी थोडं वाहू द्या म्हणजे गार पाणी आत येऊन थर्मोस्टॅट जुळेल. हे खूप जण विसरतात. चालू सप्लायवर कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसलं तर तो उघडा आणि शून्याच्या जवळ दिसलं तर जुळलेला, पण थर्मोस्टॅटच उघडा असेल तर उघड्या कॉन्टॅक्टवरही शून्य येऊ शकतं आणि चांगला म्हणून तुम्ही त्याला सोडून द्याल. हे चालू सप्लायवरचं मोजमाप मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सेफ्टी कटआउटचं (पाणी फार तापलं तर वीज तोडणाऱ्या भागाचं) रिसेट बटण उडालंय का तेही बघून ठेवा, ते परत परत उडत असेल तर दोष बहुधा थर्मोस्टॅट किंवा एलिमेंटकडे आहे.

सप्लाय बंद असताना डोळ्यांनी नीट बघा, टर्मिनलजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का, वायरीचं टोक काळं झालंय का, स्क्रू हाताला ढिला लागतो का. ढिल्या स्क्रूमुळे तिथे उष्णता होते आणि तसाच ठेवून नुसता नवा रिले बसवला तर तोही जळतो. जंपर (रिलेला वळसा घालणारी वायर) टाकून गिझर डायरेक्ट करायचा मोह टाळा. रिले तुमचा स्वतःचा असेल तर बदली आणायला जाताना कॉइलचं व्होल्टेज, कॉन्टॅक्टची अँपिअर क्षमता आणि तो नॉर्मली ओपन की नॉर्मली क्लोज्ड (कॉइलला वीज नसताना कॉन्टॅक्ट उघडा की जुळलेला), हे तिन्ही जुन्यावरून लिहून न्या.