कोपराच्या कृत्रिम सांध्यासाठी हाडं मोजताय? या चुका टाळा

रेडियसचं (हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) कोपराजवळचं डोकं गोल असतं असं धरून चालणं, ही पहिली चूक. कॅलिपरने एकदाच व्यास टिपून हाड बाजूला ठेवू नका. तेच हाड बोटांत सावकाश फिरवत मोजा, आकडा चढतो-उतरतो. डोकं किंचित लंबगोल असतं, त्यामुळे मोठा आणि लहान असे दोन्ही व्यास लिहून ठेवा. गोल इम्प्लांट निवडताना बहुधा लहान व्यास धरतात. मोठा धरला तर ते अल्नाच्या (शेजारच्या, करंगळीकडच्या हाडाच्या) ज्या खाचेत डोकं टेकतं, तिथे दाटतं.

सीटी स्कॅनवर उलटा घोळ होतो. रेडियसची मान (डोक्याखालचा भाग) हाडाच्या लांब दांड्याशी साधारण 15 अंशांनी कललेली असते. दांड्याला काटकोनात घेतलेल्या छेदावर 22 मिमीचं वर्तुळही एका दिशेने 22.8 मिमी भरतं. म्हणून आधी डोक्याचा स्वतःचा अक्ष ठरवा, मग मोजा. शिवाय सुक्या हाडावर कूर्चा नसते आणि साध्या सीटीत ती नीट दिसत नाही. म्हणजे माप हाडाचं आहे, सांध्याचं नाही. हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

खरी परीक्षा अल्नाची. तिच्या मागच्या कडेला फूटपट्टी लावून बघा, पट्टी सगळीकडे टेकत नाही. ओलेक्रेनॉनच्या (कोपराच्या मागच्या उंचवट्याच्या) टोकापासून साधारण 5 सेंमीवर हाड सरासरी 6 अंशांनी वळतं. समोरून पाहिलं तर आणखी एक बाक दिसतो, तो वेगळा. सरळ, लांब स्टेम (इम्प्लांटचा हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा) नेमका इथेच आतल्या भिंतीला टेकतो आणि जोर केला तर भिंत फोडून बाहेरही येतो. त्यामुळे दोन्ही बाक वेगवेगळे मोजा आणि पोकळीची रुंदी टोकापासून मिमीत अंतर धरून घ्या. 'लांबीच्या 20 टक्क्यांवर' घेतलेलं माप तक्त्यात छान दिसतं, पण स्टेमची लांबी टक्क्यांत नसते!

एकदा माझ्याकडून डाव्या अल्ना उजव्यांच्या पेटीत गेल्या. समोरून दिसणाऱ्या बाकाची चिन्हं उलटसुलट झाली आणि सरासरीत हाडं जवळपास सरळ निघाली. तेव्हापासून अल्नावरची रेडियसची खाच बाहेरच्या अंगाला आहे ना, हे पाहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

तीच हाडं मोजणाऱ्या दोघांच्या मापांचा सहसंबंध उत्तम आला म्हणून खूश होऊ नका. एकजण दरवेळी 1 मिमी जास्त मोजत असला तरी सहसंबंध तसाच येतो. दोघांतला फरक काढा. सरासरीबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं हाडही द्या, कारण डिझाइन करणाऱ्याला सगळ्या साइझ बसवायच्या असतात.

आणि 'चुकलंच तर एक्स-रेवर कळेल' या भरवशावर राहू नका. रेडियसचं डोकं काही मिमी उंच बसलं तरी सांधा दाटतो, पण एक्स-रेवर कोपराच्या आतल्या बाजूची फट स्पष्ट वाकडी दिसायला उंची साधारण 6 मिमीने वाढावी लागते. त्याऐवजी अल्नावरच्या रेडियसच्या छोट्या खाचेची वरची कड संदर्भ म्हणून धरा आणि मोजणीच्या तक्त्यात तिच्यासाठी एक रकाना आधीच ठेवा.