कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर बोटं आखडू नयेत म्हणून या चुका टाळा

ऑपरेशन नीट झालं, रात्री झोपमोड करणाऱ्या मुंग्या थांबल्या, टाकेही निघाले. तरी मूठ मिटत नाही, आणि बोट वाकवायला गेलं की जीव जातो. सांगली-मिरजेत फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या माणसांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. तासगावकडच्या द्राक्षबागेत विरळणीची कात्री चालवणाऱ्या बायका, शिवणकाम करणारे, दोन वेळा धारा काढणारे, म्हणजे हातावर पोट असणारीच माणसं यात जास्त. यातलं बरंचसं आखडणं टाळता येतं, आणि ते टाळायचे खरे दिवस म्हणजे ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे. नेमक्या त्याच दिवसांत घरचे सगळे म्हणत असतात, ‘हात अजिबात हलवू नको’.

आधी आत काय केलेलं असतं ते बघू. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, हाच कार्पल टनेल. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ टेंडन, म्हणजे दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नस जाते. बोगद्याचं छत म्हणजे एक जाड पट्टा. ऑपरेशनमध्ये हा पट्टा कापून नसेवरचा दाब काढतात. बोटांच्या सांध्यांना कुणी हात लावलेला नसतो. मग बोटं का आखडतात? सुजेमुळे, आणि न हलवल्यामुळे. सूज साचून राहिली की दोऱ्या आजूबाजूला चिकटायला लागतात आणि सांध्यांची आवरणं आवळून येतात.

हात गळ्यात अडकवून ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. गळ्यातल्या झोळीत पंजा बहुतेक वेळा कोपराच्याही खाली लोंबतो, त्यामुळे सूज बोटांत उतरते. वर खांदाही धरतो. चाळिशी ओलांडलेल्यांचा आणि मधुमेह असलेल्यांचा तर हमखास. मग बोटांसाठी आलेल्या माणसाच्या खांद्यावर आधी काम करावं लागतं. झोळी गर्दीच्या एसटीत कुणाचा धक्का लागू नये एवढ्यापुरती वापरा. घरी बसताना दोन उशांवर हात असा ठेवा की पंजा छातीच्या वर राहील. झोपतानाही तसंच. दिवसातून चार-पाच वेळा हात डोक्यावर नेऊन मूठ उघड-मीट करा. अंगठी आणि बांगड्या ऑपरेशनच्या आधीच उतरवा, सुजलेल्या बोटातून त्या निघत नाहीत.

ड्रेसिंगकडेही लक्ष द्या. पट्टी बोटांच्या बुडाच्या सांध्यांवर चढली असेल तर तुम्ही कितीही ठरवलंत तरी मूठ होणार नाही. सिस्टरांना सांगून ती खाली घ्यायला लावा. ड्रेसिंग आवळून बोटं निळसर पडली तर सकाळची वाट बघू नका.

‘टाके निघाल्यावर बघू’

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर बोटं गप्प ठेवली तर पुढचे दोन महिने त्यांना वळवण्यात जातात. डॉक्टरांनी मुद्दाम मनाई केली नसेल, तर बोटांची हालचाल त्याच संध्याकाळी सुरू करायची असते.

मनगट सरळ ठेवा आणि बोटांचे पाच आकार करा. आधी सगळी बोटं ताठ. मग आकडा, म्हणजे बुडाचा सांधा सरळ आणि वरचे दोन वाकलेले. मग पूर्ण मूठ. मग टेबलासारखं, बुडाशी काटकोन आणि बोटं सरळ. शेवटी सपाट मूठ, म्हणजे बोटांची टोकं तळव्याच्या खालच्या भागाला टेकवायची. प्रत्येक आकार पाच ते दहा वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. मग अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. ताण जाणवला, थोडं दुखलं तर चालतं. अर्ध्या तासानंतरही ठणका राहिला किंवा सूज वाढली तर जोर कमी करा, व्यायाम मात्र बंद करू नका.

प्रगती मोजायची सोपी रीत सांगते. मूठ करा आणि मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून किती लांब राहतं ते दुसऱ्या हाताची बोटं आडवी धरून बघा. आज दोन बोटांचं अंतर असेल तर चार दिवसांनी ते कमी दिसायला हवं. आठवडाभर तेवढंच राहिलं तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

स्पंजचा चेंडू दाबत बसणं

शेजारचे आणून देतात आणि माणूस दिवसभर दाबत बसतो. पहिल्या आठवड्यांत हे उलटं पडतं. छताचा पट्टा नुकताच कापलेला आहे, अशात जोराने पकडलं, त्यातही मनगट वाकवून, तर दोऱ्या कापलेल्या जागेकडे ढकलल्या जातात आणि दुखणं वाढतं. ताकदीचे व्यायाम साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तुमच्या सर्जननी हो म्हटल्यावर. पकडीचा जोर परत यायला दोन-तीन महिने लागतात, काहींना सहा. तोवर चहाचा कप निसटला म्हणून घाबरून जाऊ नका.

तळव्याच्या बुडाशी दुखतंय म्हणजे ऑपरेशन फसलं, असं समजणं

नाही हो, फसलेलं नसतं. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यांत, मनगटाजवळ दाबलं की दुखणं, हे या ऑपरेशननंतर अगदी नेहमीचं आहे. ते बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत ओसरतं. आपल्याकडे ते लांबतं कारण आपली कामंच तिथे भार देतात. भाकरी थापणं, कणीक मळणं, चादरी पिळणं, आणि कुणाच्या ध्यानात न येणारं एक, पंगतीतून किंवा जमिनीवरून उठताना तळवा टेकून सगळं अंग त्यावर तोलणं. पहिले दीड-दोन महिने खुर्चीवर बसा, कपडे न पिळता निथळत टाका आणि भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी थापू द्या. घरच्या पुरुषांना मी हे समोर बसवून सांगते. मोटारसायकलही ब्रेक न दुखता, झटकन दाबता येईपर्यंत नको.

जखम पूर्ण भरली, खपली गेली, की खोबरेल तेलाचं बोट घेऊन व्रणावर गोल-गोल, जरा दाबून पाचेक मिनिटं फिरवा. त्याआधी हळदीचा लेप, चुना, काहीही लावू नका. चोळणाऱ्याकडे तर नकोच.

शेकताना फार सांभाळा. बोटं अजून बधिर असतील तर चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून फोड आलेली बोटं मी पाहिली आहेत. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा.

सगळी दुखणी एकच समजणं

बोट वाकतं पण उघडताना अडकतं, ‘कट्’ करून सुटतं, सकाळी जास्त, आणि तळव्याच्या बाजूने बोटाच्या बुडाशी दुखतं, तर ते ट्रिगर फिंगर आहे. या ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांत ते काहींना होतं, मधुमेहींना जास्त. बोट ओढून उघडत राहिलात तर चिघळतं. डॉक्टर बहुधा स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा आधार, किंवा इंजेक्शन देतात. इंजेक्शन स्टेरॉइडचं असतं, त्यामुळे काही दिवस साखर वाढू शकते, ती तपासत राहा.

दुसरं दुखणं मात्र धोक्याचं आहे. हात आगीसारखा जळतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही, कातडी चकचकीत सुजते, कधी लाल कधी निळसर दिसते, एकच हात गरम किंवा गार पडतो, घामेजतो. जखमेच्या मानाने दुखणं फारच जास्त असतं. याला सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम) म्हणतात. ‘होईल कमी’ म्हणत महिना घालवू नका, त्याच आठवड्यात सर्जनना दाखवा. लवकर उपचार सुरू झाले तर हात वाचवता येतो, उशीर झाला की बोटं लाकडासारखी होतात. जखमेतून पू येणं, लाली पसरणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा.

बधिरपणाबद्दलही धीर धरा. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा काही दिवसांत थांबतात, पण बोटांची संवेदना यायला महिने लागतात. अंगठ्याखालचा मांसल भाग आधीच सुकला असेल तर तो पूर्ण भरेलच असं नाही. काहीच फरक नसेल, किंवा नव्यानेच एखादा भाग बधिर झाला असेल, तर ते सर्जनना स्पष्ट सांगा. पट्टा पुरता सुटला का, मानेतली नस तर दबत नाही ना, हे तपासावं लागतं.

मधुमेहींनी ऑपरेशनच्या आधीच एकदा नमस्कार करून बघावा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना सपाट टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांध्यांचा ताठरपणा आधीपासूनचा आहे. अशांनी फिजिओथेरपीची वेळ ऑपरेशनच्या तारखेसोबतच ठरवून घ्यावी.

ज्यांची दोन्ही हातांतली नस दबलीय त्यांना दुसऱ्या हाताच्या ऑपरेशनची घाई असते, कारण द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली असते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी यांच्यामधला पावसाळ्याचा काळ डॉक्टरांशी बोलून धरा. पहिल्या हाताची मूठ पूर्ण मिटायला लागली, तळव्याचा भार सोसायला लागला, की मगच दुसऱ्या हाताची तारीख घ्या.