डेंग्यूचे पेशंट नकाशावर टाकायचेत? आधी पत्ता नीट बघा

पावसाळ्यात लाइन लिस्ट (पेशंटची एकेका ओळीत नोंद असलेली यादी) वाढायला लागली की फॉगिंग कुठे करायचं हे ठरतं कुणाचा फोन जास्त येतो त्यावर. त्यापेक्षा केसेस नकाशावर टाका, त्यासाठीचं क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

एक्सेलमध्ये पाच कॉलम पुरे: केस नंबर, वय, ताप सुरू झाल्याची तारीख, लॅटिट्यूड, लाँगिट्यूड. नाव-मोबाईल घेऊच नका, नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर कधी फिरेल सांगता येत नाही. तारीख तापाचीच हवी, रिपोर्टची नको, कारण डास चावल्यावर ताप यायलाच ४ ते १० दिवस जातात, त्यात लॅबचे दिवस मिसळले की घोळ. लोकेशन आशाताईंना घराच्या दारात उभं राहून घ्यायला सांगा. मी पहिल्यांदा लिस्टमधले पत्ते तसेच वापरले, एका जागी मस्त लाल गोळा आला, म्हटलं सापडलं! बघतो तर तो रक्त घेतलेला दवाखाना, एंट्री करणाऱ्याने सगळ्यांना तोच पत्ता लावलेला.

मग एक्सेलची फाइल सीएसव्हीमध्ये (साध्या टेक्स्टच्या तक्त्यात) सेव्ह करून क्यूजीआयएसमधल्या 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर'ने आत घ्या. एक्सला लाँगिट्यूड, वायला लॅटिट्यूड. उलटं झालं तर पुण्याचे पेशंट नॉर्वेच्या वर समुद्रात तरंगताना दिसतात, अदलाबदल केली की परत येतात.

बफरच्या, म्हणजे प्रत्येक केसभोवती वर्तुळ काढायच्या, आधी लेयर (नकाशावरचा केसेसचा थर) यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, रिप्रोजेक्ट करा (बदलून घ्या), पुणे-नाशिकला झोन ४३ एन, नागपूरला ४४ एन. नाहीतर तुम्ही ४०० मीटर म्हणून टाकलेलं ते ४०० डिग्री समजतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास सहसा ४०० मीटरपलीकडे जात नाही, म्हणून तेवढं वर्तुळ. जिथे वर्तुळं एकमेकांवर चढलीत तिथे कंटेनर सर्व्हे (साठलेल्या पाण्याच्या भांड्यांत अळ्या शोधणं) आधी. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे पेशंट मुलं असतील तर शाळेची टाकी, गच्चीवरचे टायरपण बघा.

हीटमॅपवर (केसेस जास्त तिथे लाल दाखवणाऱ्या नकाशावर) मात्र पटकन विश्वास ठेवू नका, दाट वस्ती कायम लालच दिसते. २०,००० च्या वॉर्डात १० केस आणि २,००० च्या वाडीत ४, तर डोळा वॉर्डाकडे जातो, पण हजारी हिशेब केला तर वाडीत चौपट आहेत.

नकाशाची प्रिंट टीमला द्या, अळ्या सापडलेल्या घरांवर पेनाने फुली मारायला सांगा आणि त्या फुल्यांची दुसरी लेयर करा. हे दर आठवड्याला, अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवसच लागतात.